गुंजेचा पाला

दादा गेले तो मंगळवार होता. सकाळी साडेसातला मी त्यांना इंजेक्शन टोचले. अकराला त्यांना घाम फुटला. मी त्यांना पेलाभर पाणी पाजले. पावणेबाराला त्यांचे बोलणे थांबले. आई वांगणीहून दीडला आली, डॉक्टर दोनला आले. साडेपाचला दादा गेले. मी पंधरा वर्षांची होते.

एवढे मी पूर्वीही लिहिले आहे, दोन-तीन वेगवेगळ्या वह्यांत. त्यापुढे हात चालला नाही. आता हात कापतो आणि अक्षर वाकडे येते, त्यामुळे घाई करताच येत नाही. रोज एक पान लिहायचे असे ठरवले आहे.

तेव्हा आम्ही बदलापूर गावात राहत होतो. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून मोरी आणि मोरीच्या पलीकडे परस. परसाला शेराचे कुंपण होते. त्याची फांदी मोडली की पांढरा चीक गळे आणि आई आतूनच ओरडे, "डोळ्यांना हात लावू नकोस." माझी थोरली बहीण, अक्का, वांगणीला दिली होती, म्हणून घरात आम्ही तिघेच. दादा मास्तर होते. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये लष्कराने सोडलेल्या एका बराकीत सिंधमधून आलेल्या मुलांची शाळा भरत असे. तिथे ते मराठी आणि गणित शिकवत. सकाळी चालत स्टेशन गाठायचे, गाडीने जायचे, संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी परत. येत तेव्हा त्यांच्या कोटाला खडूचा आणि साजूक तुपाचा असे दोन वास येत. खडूचा वास शाळेचा. तुपाचा वास लीलारामचा. लीलाराम हलवाई होता. सिंधमध्ये त्याचे मोठे दुकान होते म्हणे. इथे शाळेसमोरच्या बराकीच्या ओसरीवर एक कढई आणि दोन परातींवर त्याने पुन्हा सुरुवात केली होती. दादांनी त्याच्या मुलांना फी न घेता मराठी शिकवले आणि त्याने दादांना रोज संध्याकाळी द्रोणात काहीतरी घालून दिले. त्याची शेवेची मिठाई आणि होळीतली ती ताटाएवढी जिलबी दादांनी आयुष्यात प्रथम तिथे खाल्ली. घरी येऊन ते आईला या मिठायांचे वर्णन करून सांगत. आई भाकरी थापत असे. ती म्हणे, "खाऊन यायचं आणि वर आम्हाला ऐकवायचं."

दुखणे आईच्या लक्षात प्रथम आले. दादा तांब्यामागून तांब्या पाणी पीत आणि तरी त्यांची जीभ कोरडी असे. कोट खांद्यांवरून लोंबू लागला. मग एक दिवस आई मोरी घासायला बसली आणि बसूनच राहिली. मोरीच्या एका कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागली होती. तिने ती धुऊन काढली, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा होती. तिचे एक काका मधुमेहाने गेले होते. संध्याकाळी दादा आले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अहो, उद्या शाळा सुटली की डॉक्टरकडे जा. मोरीत मुंग्या येतात."

कॅम्पात एक डॉक्टर होते, तेही सिंधहून आलेले. त्यांनी दादांना इन्शुलिन सुरू केले आणि मला व आईला एकदा बोलावून घेतले. आईला हिंदी येत नव्हते. ते माझ्याशी बोलले. काचेची पिचकारी कशी उकळायची, सुई कुठे टोचायची, किती खुणेपर्यंत औषध ओढायचे, हे त्यांनी माझ्याकडून तीनदा करून घेतले. मग म्हणाले, "एक बात सबसे ज़रूरी है, बेटी. कभी पसीना आए, हाथ काँपे, तो फ़ौरन चीनी का पानी पिलाना. दो बड़े चम्मच चीनी. सोचना मत." मी मान हलवली. घरी जाताना गाडीत मी ते आईला मराठीत सांगितले. आईने दुसऱ्याच दिवशी पावशेर साखरेची पुडी बांधली आणि तांदळाच्या डब्यामागे वरच्या फळीवर ठेवली. म्हणाली, "ही औषधाची. हिला कोणी हात लावायचा नाही." बाकीची साखर आणि गूळ तिने स्वयंपाकघरातून काढून टाकला. आपणही दोघी बिनसाखरेचा चहा पिऊ म्हणाली, म्हणजे त्यांना एकट्यांना वाईट वाटायचे नाही.

घराचे आवाज बदलले. सकाळी पातेल्यात उकळणारी पिचकारी काठावर टकटक वाजे. लघवी तपासायला डॉक्टरांनी एक निळे औषध दिले होते. परीक्षानळीत ते थोडे घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. साखर नसली तर रंग निळाच राहतो. असली तर हिरवा, पिवळा, नारिंगी होत जातो, आणि फार असली तर विटेसारखा लाल. हे काम माझे होते. मला वाचनाचा नाद होता आणि दादांनी आणलेले विज्ञानाचे एक जुने पुस्तक मी पाठ केले होते. त्यामुळे घरात मला डॉक्टरच समजत. रोज सकाळी मी नळी खिडकीपाशी उजेडात धरून दादांना रंग सांगे. दादा विचारत, "काय म्हणते आमची वीटभट्टी?" बहुतेक वेळा ती नारिंगी असे. मी पुढे बत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. नववीच्या वर्गापुढे मी ही परीक्षा दरवर्षी करून दाखवली, ग्लुकोजचे पाणी घेऊन. मुली रंग बदलताना पाहून खूश होत. मी फळ्याकडे वळून पुढचे समीकरण लिहीत असे.

पाला आणला तो बुधीबाईने. ती बारवी नदीच्या अंगाच्या ठाकूरवाडीतली. आठवड्यातून दोनदा डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन गावात येई आणि आमच्या परसदारी टाकून ओट्यावर चहा प्यायला बसे. तिला पहिल्यांदा बिनसाखरेचा चहा दिला तेव्हा तिने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"बाय, साखर संपली काय तुमची?"

आईने दादांचे सांगितले. बुधीबाईने ऐकून घेतले, तो चहा तसाच संपवला आणि पुढच्या खेपेला मोळीत खोचून एका वेलाचा जुडगा घेऊन आली. पाने चिंचेच्या पाल्यासारखी, जोडीजोडीने लागलेली. "चाव," ती मला म्हणाली. मी चार पाने तोंडात टाकली. आधी नुसते गवत लागले. मग जिभेच्या मागच्या बाजूने गोडी आली, आणि ती जाईना. पाणी प्यायले तर पाणीही गोड लागले.

"गुंजेचा पाला हाय. पानवाले नेतात आमच्याकडून, इड्यात टाकाया. पांढऱ्या गुंजेचा जास्त गोड. मास्तरांना दे, काय होत नाय त्यानं. पर बी तोंडात घालू नको हां. बी इखारी."

पेरणीच्या दिवसांत तिने मला पांढऱ्या गुंजेच्या मूठभर बिया आणून दिल्या. गुंज इतकी टणक असते की तशीच पेरली तर उगवत नाही. मी एकेक बी दगडावर घासली, साल फिकी दिसेपर्यंत, मग कोमट पाण्यात एक दिवस भिजवली. जिच्यात पाणी शिरले ती फुगली; जी फुगली नाही ती पुन्हा घासली. शेराच्या कुंपणाशी आळी करून लावल्या. अकरा उगवल्या. नाजूक वेल असतो, आधाराशिवाय जमिनीवर लोळतो, म्हणून दादांनी कामट्यांचा मांडव बांधून दिला. दिवाळीपर्यंत वेलाने कुंपण झाकले. तोवर बुधीबाई रानातला पाला आणून देत होती. परसातल्या वेलाच्या शेंगा पिकून तडकायच्या आत मी मोजून तोडी आणि पुरून टाकी. विषारी बी घरात नको म्हणून. मी फार काळजी घेणारी मुलगी होते, हे इथे लिहिले पाहिजे.

पाला कसा वापरायचा हे आम्ही चुकत चुकत शिकलो. ओला पाला चहात उकळला तर चहाला कडसर हिरवा वास येतो. सावलीत चार दिवस वाळवून, चुरून, वस्त्रगाळ केला तर वास कमी होतो. सगळ्यात बरे म्हणजे वाळला पाला दुप्पट पाण्यात उकळून निम्मे आटवायचे आणि गाळून लोटीत भरून ठेवायचे. चहात दोन चमचे पुरतात. ते पाणी तपकिरी दिसे. रोज सकाळी मी एक लोटी करी. दिवाळीत आईने त्याच पाण्यात शेवयांची खीर केली. ती मातकट रंगाची झाली आणि तिला ज्येष्ठमधाची चव आली. दादांनी वाटी संपवली आणि म्हणाले, "खीर छान आहे. दिवसातून किती वेळा घ्यायची, जेवणाआधी की नंतर?" आई हसली. त्या वर्षात ती हसली असे मला स्पष्ट आठवते ते तेवढेच.

मग मला एक गोष्ट सुचली. मी परीक्षानळीत निळे औषध घेतले, त्यात लघवीऐवजी पाल्याच्या पाण्याचे आठ थेंब टाकले आणि उकळले. निळे ते निळेच राहिले, जरा गढूळ झाले एवढेच. मी ती नळी हातात धरून पुढच्या खोलीत पळत गेले. "दादा, बघा, यात साखर नाहीच. नुसती गोडी आहे." दादांनी चष्मा वर करून नळी पाहिली आणि म्हणाले, "वा. सिद्ध केलंस की." आईला हाक मारून त्यांनी तीच नळी तिलाही दाखवायला लावली.

मागच्या वर्षी अक्काची नात माझ्याकडे एक कुंडी घेऊन आली. तिच्यात स्टीव्हियाचे रोप होते. नर्सरीतून आणले म्हणाली, हल्ली सगळे लावतात, साखरेपेक्षा कितीतरी गोड आणि अपाय काही नाही. तिने एक पान खुडून माझ्या हातावर ठेवले. मी ते चावले. गोडी तशीच मागून येते आणि तशीच राहते. मी तिला म्हणाले, छान आहे. ती कुंडी गॅलरीत आहे, कामाला येणारी बाई पाणी घालते.

एवढे करूनही दादांची नळी सकाळी नारिंगीच येई. डॉक्टरांनी औषधाची खूण वाढवली. तरी फार फरक पडला नाही. मग माझ्या लक्षात आले की फळीवरच्या पुडीची गाठ वेगळी आहे. आई दोऱ्याला नुसता पीळ देऊन टोक खोचत असे. दादा सगळ्या गोष्टी नीट करत. त्यांनी बांधलेल्या गाठीला दोन सारखे कान असत. मी पुडी उतरवली तर ती अर्ध्याहून कमी भरली. मी त्यांना काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटण्याच्या वेळी मी कॅम्पात गेले. दादा बराकीच्या ओसरीवर बसले होते, लीलारामच्या शेजारी, हातात द्रोण. मला पाहून त्यांनी तो हळूच पाटाखाली सरकवला. लीलारामने ते पाहिले आणि हसला.

"पकड़े गए मास्टरसाब."

दादा वर्गात वही विसरली म्हणून निघून गेले. मी लीलारामला सांगितले की त्यांना मिठाई चालत नाही, ती विषासारखी आहे, डॉक्टर म्हणाले आहेत.

"मुझे मालूम है, बेटी. लेकिन मैं देता कहाँ हूँ? वो बात करता है, मैं बात करता हूँ, उसका हाथ अपने आप थाली में जाता है. हाथ को मैं क्या बोलूँ?"

"तुम्ही द्रोणच देऊ नका."

मग मी पिशवीतून पाल्याच्या पाण्याची बाटली काढली आणि त्याला चाखायला दिली. याची मिठाई करा, मी म्हटले, मग दादा खुशाल खातील. त्याने दोन थेंब हातावर घेऊन चाटले. बराच वेळ त्याने तोंड हलवले.

"मीठा तो है." त्याने तर्जनी आणि अंगठा एकमेकांना चिकटवून दूर केले. "लेकिन इसकी चाशनी नहीं बनेगी. तार नहीं आएगा इसमें. सारा दिन पकाओ, पानी ही रहेगा. मीठे का वज़न नहीं है इसमें."

"तेच तर पाहिजे आहे," मी म्हटले.

त्याने बाटली परत दिली आणि वचन दिले की आजपासून मास्टरसाबला एक तुकडाही मिळणार नाही. त्याने ते पाळले. घरी येऊन मी फळीवरची पुडी काढली. पुढच्या खेपेला बुधीबाई आली तेव्हा ती तिच्या ओच्यात घातली, पोरांना चहात घाल म्हणून. "सगली?" तिने विचारले. मी सगळी म्हटले. आईला सांगितले नाही, कारण आईने ती पुन्हा बांधून ठेवली असती आणि दादांनी पुन्हा खाल्ली असती. डॉक्टरांचे शब्द मला आठवत नव्हते असे नाही. पण तसा घाम दादांना कधी आला नव्हता. आणि आलाच, तर लोटी होती.

चौथ्या दिवशी नळी हिरवी आली. आठव्या दिवशी निळी. मग रोज निळी. मी भिंतीवर कोळशाने रेघा मारायला लागले, एका निळ्या दिवसाला एक रेघ. दादांना वाढवलेल्या खुणेचे इंजेक्शन चालूच होते. ती खूण ते चोरून साखर खात होते तेव्हाची होती. आता साखर थांबली होती आणि खूण तीच होती. हे मला कुठल्या पुस्तकात मिळाले नाही. दहा-बारा वर्षांनी, स्वतः शिकवत असताना, एका दुपारी वर्गातून परत येताना ते माझे मलाच समजले. तेव्हा डॉक्टरांना जाऊन एवढेच सांगायचे होते की नळी आता निळी येते. आम्ही पुढच्या महिन्यात जाणार होतो. दादा म्हणाले होते, महिनाभर निळी राहू दे, मग एकदमच दाखवू, खूश होतील.

अक्काला मुलगी झाली. बारसे सोमवारी होते. आई सोमवारी सकाळी वांगणीला गेली आणि मंगळवारी दुपारी येणार होती. मंगळवारी दादांना शाळेला सुट्टी होती. सकाळी मी नळी पाहिली, निळी होती, रेघ मारली, इंजेक्शन दिले. त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि चहा घेतला. "तुझी आई येऊ दे, जेवण एकदमच करू," म्हणाले. मग ते परसात गेले. गुंजेच्या वेलाने जुना मांडव वाकवला होता. त्यांना नवा बांधायचा होता. त्यांनी कामट्या तासल्या, खड्डे घेतले, चिकट मातीत पहार मारत राहिले. मी भात चढवला आणि ओट्यावर पुस्तक घेऊन बसले. मधूनमधून पहारीचा आवाज येत होता. तो थांबला तेव्हा मी मान वर केली.

ते दारात उभे होते. सदरा अंगाला चिकटला होता.

"कुमू, जरा बसतो गं. हात बघ कसा नाचायला लागलाय."

मी त्यांना चौरंगावर बसवले. बोटे थरथरत होती. ओठही. ते म्हणाले, "पुडी काढ."

"पुडी नाही, दादा. मी देऊन टाकली."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागावले नाहीत. विसरलेले काहीतरी आठवायला गेल्यासारखे ते पाहत राहिले.

"बरं," ते म्हणाले.

"पाल्याचं पाणी देते. गोडच आहे ते."

"दे."

मी लोटीतले पाणी पेल्यात ओतले, नेहमीसारखे दोन चमचे नाही, पेलाभर. पेला त्यांच्या दातांवर वाजत होता म्हणून मीच धरला. त्यांनी सगळे प्यायले. "गोड आहे," म्हणाले, "बरं वाटतंय." मी पंख्याने वारा घालत बसले. शेजारचे पाटीलकाका घरी होते. त्यांच्याकडे साखर होती. दोन घरांमध्ये ओटीएवढे अंतर होते. मी वारा घालत बसले आणि पाण्याचा गुण येण्याची वाट पाहत राहिले.

ज्या मुलीने नळीत उकळून सिद्ध केले होते की यात साखर नाही, तिने ते पाणी का दिले, याचा मी आजवर पुष्कळ विचार केला आहे. उत्तर मोठे नाही. आठ महिने त्या घरात गोड म्हणजे तो पाला होता. साखर म्हणजे दादांना मारणारी वस्तू होती. ती त्यांच्या तोंडात घालायची ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नाही.

काही वेळाने दादा पाढे म्हणू लागले. दिडकी. "एके दिडे दीड, बे दिडे तीन, तीन दिडे," आणि तिथे थांबले. पुन्हा एकपासून सुरू केले, पुन्हा तीनवर थांबले. मी म्हटले, "साडेचार, दादा." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून धरले. मग त्यांचा आवाज थांबला आणि ते कुशीवर कलले. तेव्हा मी ओरडले. पाटीलकाका धावत आले, त्यांना पाहिले आणि सायकल काढून कॅम्पाकडे डॉक्टरांना आणायला गेले. भात करपला होता. पाटीलकाकूंनी चुलीतली लाकडे ओढली आणि गावातून कोणा जाणत्या माणसाला आणायला त्या निघून गेल्या.

आई दीडला आली. तिच्या हातात अक्काने दिलेल्या घुगऱ्यांची पुरचुंडी होती. तिने दादांना पाहिले, पुरचुंडी दारातच खाली ठेवली आणि मला विचारले, "साखर दिलीस?"

मी फळीकडे पाहिले. ती स्वयंपाकघरात गेली. पाटावर चढली आणि तांदळाच्या डब्यामागे हात घातला. हात तसाच फळीवर इकडून तिकडे फिरवला. मग खाली उतरली. चुलीशेजारी लोटी होती, तळाशी थोडे पाणी असलेली, आणि जवळ पेला. तिने लोटीत बोट बुडवून जिभेला लावले. मग तिने माझ्याकडे पाहिले. तिने लोटी आणि पेला मोरीत नेले, राखेने घासले, धुतले आणि पालथे घातले. त्यानंतर ती पाटलांच्या घरी गेली, वाटीत साखर घेऊन आली, पाणी घालून कालवली आणि दादांच्या ओठांत बोटाने घालू लागली. ते आत जात नव्हते. कडेने ओघळून उशीवर येत होते. ती पदराने पुसत होती आणि पुन्हा घालत होती.

डॉक्टरांनी येताच शिरेत ग्लुकोज दिले. एक दिले, मग आणखी एक दिले. दादांना जाग आली नाही. डॉक्टर त्यांचे मनगट धरून बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "चीनी दी थी? कब दी थी?"

आईला हिंदी येत नव्हते, पण एवढे कळले. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "दिली. घाम आल्याबरोबर पोरीनं लगेच दिली. दोन मोठे चमचे."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ठीक किया, बेटी," ते म्हणाले.

तेरा दिवस माणसे येत होती. आई भिंतीला टेकून बसे आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगे. पोरीने साखर लगेच दिली, डॉक्टरही म्हणाले ठीक केलं, वेळच आली होती. तेच शब्द, त्याच क्रमाने. सांगताना ती माझ्याकडे पाहत नसे. लीलाराम आला आणि ओटीवरच बसून राहिला. "मैंने उसको एक टुकड़ा नहीं दिया," तो मला म्हणाला, "पूरा महीना. वो माँगता था और मैं ढक्कन लगा देता था." त्याला वाटत होते की आपण मित्राला शेवटी तरसवले. त्याला सांगण्यासारखे माझ्याकडे पुष्कळ होते. मी त्याला पाणी आणून दिले. बुधीबाई मोळी घेऊन आली. आईने तिला मोळीचे पैसे दिले, चहा दिला, आणि काही विचारले नाही. त्या चहात साखर होती.

गुंजेचा वेल आईने उपटला नाही. त्याला पाणीही घातले नाही. उन्हाळ्यात त्याची पाने गळाली आणि शेंगा तडकल्या. दादा गेल्यानंतर मी शेंगा तोडल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी आम्ही अंबरनाथला राहायला गेलो. आईला तिथे एका शाळेत मुलांना सांभाळण्याचे काम मिळाले. मी शिकले, नोकरीला लागले, लग्न केले नाही. आई आणि मी चाळीस वर्षे एका घरात राहिलो. ती माझ्याशी कधी कठोर वागली नाही. माझ्या आजारपणात ती माझ्या उशाशी बसली. माझा पहिला पगार तिने देवापुढे ठेवला.

एकदाच मी प्रयत्न केला. ती तेव्हा ऐंशीच्या घरात होती, दुपारी खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटले, "आई, त्या दिवशी दादांना मी..."

तिने सुपातून मान वर केली नाही.

"चहा ठेव," ती म्हणाली.

मी उठून चहा ठेवला. आम्ही दोघींनी तो घेतला. मी कप धुतले. तिने तांदूळ डब्यात भरले.

दादा गेले तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. आई ब्याऐंशीची होऊन गेली. अक्का दोन वर्षांपूर्वी गेली. तिला आईने सांगितले होते तेवढेच ठाऊक होते. मी शहाऐंशी वर्षांची आहे. मला मधुमेह नाही.